जर्मनीचा वर्क व्हिसा नाकारला, आता पुढे काय करावं?

अमळनेरी_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी अमळनेरचा, नोकरी जळगाव एमआयडीसीत, डिझाइन इंजिनिअर. बीई मेकॅनिकल, २०१६ ची पदवी. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीशी करार झाला. पगार वर्षाला ४१,५०० युरो. कागदपत्रं आणि भाषांतरं गोळा करता करता मे उजाडला. मुंबईला जाऊन ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधरांना मिळणाऱ्या काम-निवास परवान्यासाठी, फाईल दिली. ऑगस्टच्या सुरुवातीला पासपोर्ट परत आला, आत स्टिकर नाही, जर्मन भाषेतलं दीड पानी पत्र. मोबाइलवर भाषांतर करून जे समजलं ते असं: पगार ब्लू कार्डच्या अटीत बसत नाही, आणि पदवी तिकडच्या पदवीशी समकक्ष असल्याचा पुरावा पुरेसा नाही.

त्यात वेळ अशी की घरी कानबाईच्या रोटांसाठी सगळी भाऊबंदकी जमलेली. म्हणजे बातमी पारोळ्यापर्यंत वेगळी सांगावी लागली नाही.

आता प्रश्न. अपील करता येतं का? लगेच दुसरा अर्ज केला तर चालतो का, की एकदा नकार आला म्हणजे नावावर काट बसली? कंपनीला काय सांगू? राजीनामा अजून दिलेला नाही, पण साहेबांना कुणकुण लागली आहे.

शेवभाजी_फॅन

वाईट वाटलं भाऊ. राजीनामा दिला नाहीस हे लाख मोलाचं. साहेबांना सांग, जर्मन शिकत होतो.

गिरणाथडी

घाबरायचं काही कारण नाही. माझ्या मेहुण्याचा २०२२ मध्ये असाच नाकारला होता. त्याने महिन्याच्या आत फेरविचारासाठी पत्र लिहिलं, राहिलेले कागद जोडले, एक रुपया फी लागली नाही. त्याला ते रिमॉन्स्ट्रेशन म्हणतात. दोनेक महिन्यांनी व्हिसा हातात. तू पण आजच पत्र लिही, नमुना हवा असेल तर देतो.

बाबा_नंदुरबारकर

नमुना मला पण द्या, पुतण्याच्या कामी येईल.

नेकरकाठचा_चाळीसगावकर

@गिरणाथडी, तुमच्या मेहुण्याचं झालं ते खरं, पण ते दार आता बंद आहे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने जगभरातल्या सगळ्या वकिलातींत रिमॉन्स्ट्रेशन बंद केलं. नेटवरचे जुने व्हिडिओ अजून तेच सांगतात, त्यामुळे लोक पत्र लिहून वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते. आता दोनच मार्ग. एक, बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. नकाराच्या पत्रात शेवटी मुदत लिहिलेली असते, साधारणपणे एक महिना. दुसरा, नवा अर्ज, पुन्हा ७५ युरो फी भरून.

मी गेली काही वर्षं श्टुटगार्टजवळ आहे आणि ब्लू कार्डावरच आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमळनेरी, तुझ्या पत्रातलं पगाराचं कारण अगदी सरळ आहे. ब्लू कार्डच्या पगाराची किमान मर्यादा दर जानेवारीत बदलते. इंजिनिअर हा तिथे टंचाईचा व्यवसाय धरतात, म्हणून त्यांना मर्यादा कमी असते. २०२४ मध्ये ती ४१,०४१.८० युरो होती. तू डिसेंबरात सही केलीस तेव्हा ४१,५०० आरामात बसत होते. २०२५ साठी ती ४३,७५९.८० झाली. तू फाईल दिलीस मे महिन्यात. कंपनीच्या एचआरलाही हे लक्षात आलं नसणार, छोट्या कंपन्यांत वर्षाकाठी एखादाच परदेशी माणूस येतो.

दावा लावायचा असेल तर वकिलाचा खर्च आणि कित्येक महिने. अधिकाऱ्याने तुझ्या कागदांचा अर्थच चुकीचा लावला असता तर मी दावा लाव म्हटलं असतं. इथे आकडा खरंच कमी आहे. न्यायाधीश काय करणार?

नव्या अर्जाचे दोन प्रकार होऊ शकतात. कंपनीने पगार वाढवला, महिन्याला १८८-१९० युरोचा फरक आहे, तर पुन्हा ब्लू कार्ड. वाढवायला तयार नसेल तर ब्लू कार्डचा हट्ट सोडायचा आणि तिकडच्या निवास कायद्याच्या कलम १८-बी खाली साधा कुशल पदवीधराचा व्हिसा मागायचा. त्यात तुझ्या वयाला ठरावीक किमान पगार नाही. तिकडचं रोजगार खातं एवढंच बघतं, की त्या कामाला त्या भागात जर्मन माणसाला जेवढं देतात तेवढंच तुला देतायत ना. ब्लू कार्डाच्या काही सवलती त्यात नाहीत, कायमचा परवाना जरा उशिरा मिळतो, पण काम तेच, कंपनी तीच.

अमळनेरी_मेकॅनिकल

दादा, खूप खूप धन्यवाद. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. एक शंका. करारात वर्षअखेरचा बोनस लिहिलाय. तो धरला तर बेरीज ४४ हजारांच्या वर जाते. तसं पत्र कंपनीकडून आणलं तर?

नेकरकाठचा_चाळीसगावकर

बोनस 'मिळू शकतो' असं लिहिलंय की 'मिळेलच'? हमीचा असेल तरच धरतात. नफा झाला तर देऊ, हे त्यांच्या हिशेबात शून्य.

अमळनेरी_मेकॅनिकल

'मिळू शकतो'.

शेवभाजी_फॅन

आमच्या कंपनीतही दर दिवाळीला असाच बोनस 'मिळू शकतो'.

व्हिसा_सहाय्य_धुळे

सर नमस्कार. धुळ्यात आमचे ऑफिस आहे. नाकारलेल्या केसेसचे स्पेशालिस्ट. ८० हजारात गॅरंटीड व्हिसा, अर्धे आधी अर्धे नंतर. वकिलातीत ओळख आहे. संपर्क करा.

संपादक

वरच्या प्रतिसादातून फोन नंबर काढला आहे. प्रतिसाद मुद्दाम ठेवला आहे, नमुना म्हणून.

आप्पा_चोपडेकर

संपादकांनी ठेवला ते उत्तम केलं.

आमच्या शिवारातली गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगणार नाही. पोरगा आयटीआय वेल्डर, कामाला वाघ. त्याला एकाने युरोपातल्या एका देशाचं वर्क परमिट दाखवलं. लेटरहेड, शिक्का, गोऱ्या साहेबाची सही, सगळं चकाचक. बापाने केळीचा सगळा पैसा दिला, वर व्यापाऱ्याकडून उचल घेतली. रोख. पावती मागितली तर म्हणे, पावती केली तर अठरा टक्के वर द्यावे लागतील, तुमचंच नुकसान. व्हिसा नाकारला. एजंट म्हणाला नशीब, साहेबाचा मूड नव्हता, पुन्हा करू. तोवर कोणाच्या डोक्यात आलं नाही की नकाराचं पत्र एजंटाकडेच आहे, आपण पाहिलेलंच नाही. शेवटी माझ्या भाच्याने ते पत्र मिळवून वाचलं. त्यात लिहिलं होतं, नोकरीचा कागद बनावट आहे. म्हणजे पैसे गेलेच, वर पोराच्या नावावर खोट्या कागदाचा ठपका. पोरगा बिचारा काहीच न करता खोटा ठरला.

परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर नंबर टाकला की खरा-खोटा कळतो. आणि त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. '८० हजार गॅरंटीड'वाल्यांनी आधी आपला नोंदणी क्रमांक इथे टाकावा. बोर्डावर 'कन्सल्टन्सी' लिहिलं म्हणजे सुटका होत नाही.

व्हिसा_सहाय्य_धुळे

आम्ही फक्त मार्गदर्शन करतो सर.

आप्पा_चोपडेकर

मग वकिलातीतली ओळख कशाला लागते मार्गदर्शनाला?

तापी_पूर्णा

आप्पा, नमस्कार घ्या. 🙏

सिस्टर_शिरपूर

धागा जर्मनीचा आहे, पण माझा अनुभव इंग्लंडचा. उपयोगी पडला तर बघा.

मी जीएनएम नर्स. केअर वर्कर म्हणून इंग्लंडला अर्ज केला होता. नाकारला गेला, कारण जिथे नोकरी होती त्या संस्थेचा स्पॉन्सर परवानाच, म्हणजे परदेशी माणसं घेण्याचा परवाना, सरकारने रद्द केला. माझ्या कागदांत काही खोट नव्हती. तिथे बाहेरून अर्ज करणाऱ्याला २८ दिवसांत ८० पौंड भरून अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू मागता येतो. मैत्रिणी म्हणाल्या कर, कर. मी नियम वाचले. अधिकाऱ्याच्या हातून चूक झाली असेल तरच त्याचा फायदा. स्पॉन्सर नाही तर चूक कोणाची काढणार? मी ते ८० पौंड वाचवले. २२ जुलै २०२५ पासून तर बाहेरच्या देशांतून केअर वर्कर घेणंच त्यांनी बंद केलं.

म्हणून म्हणते भाऊ, नकार कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा. कागद कमी पडला, अट बसली नाही, मालकाची भानगड, की तुमच्यावर विश्वास नाही. पहिले तीन दुरुस्त होतात किंवा सोडून देता येतात. चौथा चिकटतो.

मी आता नाशिकला जर्मन शिकतेय. बी-टू पातळीची परीक्षा होईपर्यंत जीव जाणार आहे.

गिरणाथडी

सिस्टर, बरोबर. @चाळीसगावकर, १ जुलैचं मला माहीत नव्हतं, नमुना देणं रद्द. बाबा नंदुरबारकर, तुम्हीही थांबा.

पण एक व्यवहाराचं बोलतो. पुढच्या अर्जात 'याआधी व्हिसा नाकारला गेला आहे का' असं विचारतात. दुसऱ्या देशासाठी अर्ज असेल तर तिथे 'नाही' लिहिलं तर काय बिघडतं? त्यांना कोण सांगायला जातंय?

सिस्टर_शिरपूर

दादा, कृपा करून असले सल्ले देऊ नका. इंग्लंडच्या अर्जात माहिती लपवलेली सापडली तर दहा वर्षं बंदी. कॅनडात पाच. आणि हे देश एकमेकांना माहिती देतात. खरा नकार खरा सांगितला, कारण लिहिलं, काय बदललं ते लिहिलं, तर कोणी फासावर देत नाही. हीच ती चौथी जात, जी मी वर म्हटली.

गिरणाथडी

बरं ताई, विचारलं फक्त.

भुसावळ_जंक्शन

आमच्याकडे आखाताचे जास्त. पाइप फिटर आहे मी, सौदीला दोन करार झाले. आखातात 'व्हिसा नाकारला' असं जे म्हणतात त्यातले बरेचसे मेडिकलला अडलेले असतात. वाफिद म्हणून पद्धत आहे, पूर्वी गामका म्हणायचे. छातीच्या एक्स-रेत जुना टीबीचा डाग दिसला की अनफिट, आजार कधीचा बरा झाला असला तरी. माझ्या बरोबरच्या एकाचं असंच झालं. त्याने कर्जाचे पैसे आधी एजंटाला दिले आणि मेडिकल नंतर केली. आपल्याकडे साधा एक्स-रे किती स्वस्तात निघतो, तो आधी घरच्या खर्चाने काढून बघावा.

दहावी नापास असाल तर पासपोर्टवर ईसीआर असतो, मग आखातातल्या देशांसाठी इमिग्रेशनची मंजुरी वेगळी लागते. आखात धरून १८ देशांची यादी आहे. पास असाल तर मार्कशीट दाखवून ईसीएनआर, म्हणजे मंजुरीची गरज नाही असा, करून घ्या. आणि सौदीला बऱ्याच कामांना आता ट्रेड टेस्टचं सर्टिफिकेट आधी लागतं. भुसावळच्या पोराला वेल्डिंग येतं का हे सौदीने विचारावं, काय दिवस आले.

पुणेरी_खान्देशी

अमेरिकेचं कोणीच बोललं नाही? माझ्या चुलत भावाला २२१-जी ची रंगीत चिठ्ठी मिळाली होती. घरात रडारड. नंतर कळलं तो अंतिम नकार नसतो, कागद मागितलेत किंवा तपासणी चालू आहे एवढाच अर्थ. नंतर मिळाला व्हिसा.

शेवभाजी_फॅन

अमेरिकेचं राहू द्या. सप्टेंबर २०२५ पासून नव्या एच-वन-बी वर्क व्हिसाच्या अर्जावर कंपनीला एक लाख डॉलर भरायला सांगतायत. तेवढ्यात अमळनेर ते भुसावळ स्वतःची गाडी धावेल, प्रत्येक स्टेशनात शेवभाजी मोफत.

लेवा_पाटलीण

मूळ धाग्यातलं दुसरं कारण कोणी घेतलंच नाही. पदवी समकक्ष असल्याचा पुरावा. मी यातून गेलेली आहे, फैजपूरची, आता म्युनिककडे.

जर्मनीचा अनाबिन नावाचा डेटाबेस आहे. त्यात विद्यापीठ आणि पदवी दोन्ही बघायचे. दोन्ही नीट सापडले तर छापील पानं जोडून भागतं. विद्यापीठ सापडलं आणि पदवी सापडली नाही, किंवा नाव जुळलं नाही, तर बॉनच्या झेडएबी या केंद्रीय संस्थेकडून समकक्षतेचं प्रमाणपत्र काढायचं. फी २०८ युरो, अर्ज ऑनलाइन.

आपल्याकडच्या लोकांची खास अडचण अशी. आपलं विद्यापीठ १९९० चं, तेव्हा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव लागलं. तुमची पदवी २०१६ ची, म्हणजे तिच्यावर जुनं नाव. ट्रान्सक्रिप्ट आता काढलंत, म्हणजे त्याच्यावर नवं नाव. जर्मनीत बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी विद्यापीठं दिसतात. मी नामविस्ताराच्या सरकारी अधिसूचनेची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडलं, वर चार ओळींचं स्पष्टीकरण. पुन्हा कोणी विचारलं नाही.

शिवाय नावं बघा. पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठे आलंय, मार्कशीटवर आडनाव आधी आहे का. लग्नानंतर बदललेलं असेल तर गॅझेट. माझ्या मार्कशीटवर आईचंही नाव होतं, तिकडच्या बाईंनी विचारलं यातली अर्जदार कोणती.

अमळनेरी_मेकॅनिकल

ताई, तुम्ही दुखती नस पकडली. ट्रान्सक्रिप्ट नव्या नावाचंच आहे. अनाबिनमधली पानं मी जोडलीच नव्हती, यादीत 'लागू असल्यास' असं होतं.

बाबा_नंदुरबारकर

मी जरा वेगळं बोलू का? रागावू नका. ४१,५०० युरो ऐकायला मोठे. कर, विमा, पेन्शन कापून एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण २,३०० येतात. त्यात घरभाडं. इकडे अमळनेरला स्वतःचं घर, आईच्या हातचं जेवण. एवढी धडपड कशाला? नकार आला हा कौल समजा.

नेकरकाठचा_चाळीसगावकर

बाबा, तुमचा हिशेब बरोबर आहे, आणि इथे येणाऱ्याने तो आधी मांडलाच पाहिजे. पण कौल वगैरे नको. आकडा दोन हजारांनी कमी पडला याला कौल म्हणायचं तर बँकेचा मिनिमम बॅलन्सही देवाच्या मर्जीवर.

लेवा_पाटलीण

बाबा, आईच्या हातचं जेवण मात्र खरं. इथे वांगी मिळतात ती काळी, गुळगुळीत, बियांची. बामणोदच्या वांग्याची सर नाही. हिवाळ्यात ओव्हनमध्ये भाजून भरीत केलं तर शेजारच्या आजीबाईंनी फायर अलार्म वाजतोय म्हणून दार ठोठावलं.

शेवभाजी_फॅन

ओव्हनमधलं भरीत!! काटक्यांच्या जाळावर भाजलेलं नसेल त्याला भरीत म्हणू नये. ताई, तुमचा व्हिसा रद्द.

भुसावळ_जंक्शन

दम्मामला आम्ही गॅसवर भाजायचो आणि कळण्याच्या भाकरीऐवजी खुबूस. चालवून घेतलं भो, पोट थोडीच व्हिसा विचारतं.

तापी_पूर्णा

भरिताचा वेगळा धागा काढा रे.

माझा प्रश्न राहू द्या मध्ये: वय ४७, डिप्लोमा आणि २० वर्षांचा अनुभव. १८-बी सारखं माझं काही होईल का? २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार झाला होता ना, कुशल माणसं पाठवायचा?

नेकरकाठचा_चाळीसगावकर

करार झालाय, पण त्याने व्हिसाचे नियम शिथिल होत नाहीत. तो माणसं तयार करून जोडून देण्यासाठी आहे. व्हिसा प्रत्येकाला आपापला.

वय ४५ च्या पुढे असेल तर वेगळी अट लागते: पहिल्यांदाच कामासाठी येणाऱ्याचा पगार २०२५ मध्ये किमान ५३,१३० युरो, नाहीतर म्हातारपणाच्या पेन्शनची पुरेशी तरतूद दाखवायची. डिप्लोमावाल्यांना अनुभवाच्या आधारावर एक मार्ग आहे. किमान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव लागतो. वयाची अट मात्र त्यालाही चुकत नाही. आधी पगाराचा आकडा विचारा, मग पुढची मेहनत.

तापी_पूर्णा

५३ हजार! मी भरिताच्या धाग्यावर भेटतो.

अमळनेरी_मेकॅनिकल

मंडळी, जरा उशिराने अपडेट देतोय. धागा थंडावला होता, पण बरेच जण व्यक्तिगत निरोप पाठवून विचारत होते.

दावा लावला नाही. कंपनीच्या एचआरला चाळीसगावकर दादांनी सांगितलं तसं दोन्ही पर्याय लिहून पाठवले, नकाराच्या पत्राची प्रत जोडून. मला वाटत होतं ते ऑफर मागे घेतील. त्या बाईंचं उत्तर आलं की पत्र आमच्याकडे आधीच यायला हवं होतं, ही मर्यादा आम्हीच पाहायला हवी होती. पगार वाढवायला साहेब तयार आहेत. नोकरीच्या तपशिलाचा तो लांबलचक नावाचा फॉर्म पुन्हा भरून देणार आहेत, रुजू होण्याची तारीखही नवी. जुन्या करारातली तारीख तशीही उलटून गेली होती.

झेडएबीचं प्रमाणपत्र आलं. अधिसूचनेची प्रत विद्यापीठातून मिळाली, त्यासाठी फार फिरावं लागलं नाही. मागच्या नकाराचं कारण आणि आता काय बदललं, असं एक पानी पत्र मी स्वतः लिहिलंय. मुंबईची अपॉइंटमेंट मिळाली आहे. खान्देश एक्सप्रेसचं तिकीट वेटिंग आहे, ते वेगळं दुःख.

घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. साहेबांना मात्र सांगून टाकलं. म्हणाले, जाईपर्यंत चालू असलेलं ड्रॉइंग पूर्ण कर.

सिस्टर_शिरपूर

मस्त! ते एक पानी पत्र नाव-गाव काढून इथे टाकता येईल का? माझ्या बॅचमधल्या दोघींना लागेल.

अमळनेरी_मेकॅनिकल

टाकतो ताई, रविवारी.

आप्पा_चोपडेकर

व्हई जाई भाऊ. फिकीर करू नको.

लेवा_पाटलीण

एक विचारू? नव्या करारात पगार किती लिहितायत? बरोबर ४३,७६० टाकत असतील तर थांबव त्यांना. तुझ्या फाईलवर निर्णय होता होता जानेवारी उजाडू शकतो, आणि मर्यादा पुन्हा वर जाईल.

अमळनेरी_मेकॅनिकल

अगदी तेवढेच टाकले होते ताई! आत्ताच मेल केला. आकडा जरा सैल ठेवा, आणि तो होत नसेल तर सरळ १८-बी खालीच करू, असं कळवलंय.